झाकली मूठ

जुलैतली सकाळ, सात वाजून दहा मिनिटं, आणि दारात विम्याच्या तपासणीसाठी रक्त घ्यायला आलेला मुलगा. रेनकोटमधून पाणी गळत होतं म्हणून तो आत यायला बिचकत होता, मी म्हटलं ये रे, लादीच आहे, पुसता येते. चोवीस-पंचवीसचा असेल. कळव्याहून बाइकवर आला होता, घोडबंदर रोडला मेट्रोच्या कामापाशी अर्धा तास अडकलो म्हणाला. डायनिंग टेबलवर त्याने बर्फाची पाकिटं असलेली बॅग उघडली, ट्यूब ओळीने मांडल्या, जांभळ्या टोपणाची, पिवळ्या टोपणाची, राखाडी टोपणाची, प्रत्येकीवर माझं नाव आणि प्रपोजल नंबर असलेला स्टिकर चिकटवला, आधार कार्ड बघितलं, माझा फोटो काढला, मग दंडाला रबर बांधला आणि म्हणाला, "मॅडम, मूठ घट्ट बंद करा."

सकाळी माझी मूठ बंद होत नाही.

मला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे, आपल्याकडे आमवात म्हणतात तो, २०१७ पासून. गोळ्यांनी आटोक्यात आहे. दर रविवारी मेथोट्रेक्सेट, बाकीच्या दिवसांतली फॉलिक ॲसिडची ती पिवळी गोळी, दर तीन महिन्यांनी लिव्हरची तपासणी, एवढं सांभाळलं की दिवस नीट जातो, मी भाकऱ्या थापते, टाइप करते, तलावपाळीला दोन फेऱ्याही मारते. फक्त सकाळी उठल्यावर पाऊणएक तास बोटं आखडलेली असतात, पावसाळ्यात जरा जास्तच. चहाचा डबा आई उघडून देते. तर त्या मुलाने मूठ बंद करा म्हटल्यावर मी बोटं जेवढी वळतात तेवढी वळवली आणि बाकीचा हात ओढणीखाली सारला. "झाली?" "हो, झाली." मी खोटं बोलले. शीर सापडायला त्याला दोनदा टोचावं लागलं, तो बिचारा सॉरी सॉरी म्हणत राहिला आणि मी म्हणत राहिले अरे असू दे.

तो गेल्यावर ओल्या पायांचे ठसे पुसताना मला कळेना की मी हे का केलं. फॉर्मवर सगळं लिहिलं होतं की. आजाराचं नाव, कधीपासून, औषधाचं नाव, डोस, डॉक्टरांचं नाव, मागचे रिपोर्ट, सगळं स्कॅन करून जोडलेलं. लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं आणि तरी त्या पोराच्या समोर, ज्याच्या हातात माझं काहीही नव्हतं, मी मूठ लपवली. ही गोष्ट माझ्या मनातून गेली नाही, आजही जात नाही.

नवव्या दिवशी मेल आली. इंग्रजीत, चार ओळींची. आपल्या प्रस्तावाचं मूल्यमापन केलं, आपल्या वैद्यकीय इतिहासामुळे आम्ही आपल्याला विमा देऊ शकत नाही, खेद आहे. मी ती मेल कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला वाचली आणि गॅस बंद करायचा विसरले, वरण तळाला लागलं. आई विचारत होती काय झालं आणि मला पटकन मराठी शब्दच सुचेना. "रिजेक्ट" म्हटलं. आई म्हणाली, "रिपोर्टमध्ये काही निघालं का?" तिचा चेहरा एवढा उतरला होता. म्हटलं नाही गं, रिपोर्ट चांगले आहेत, मलाच नको म्हणाले.

याआधी चौदा वर्षं मी ऐरोलीला एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये होते. रोज ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची गाडी, बसायला जागा मिळाली तर एक डुलकी. पहिल्याच आठवड्यात एचआरने मेडिक्लेमचं कार्ड दिलं होतं, मी ते पर्समध्ये ठेवलं आणि विसरले. कोणी रक्त घेतलं नव्हतं, कोणी विचारलं नव्हतं की बाई तुला काय होतं, तुझ्या वडिलांना काय होतं. आईचं नाव घातलं, तिलाही कोणी काही विचारलं नाही, तिचा गुडघा त्याच कार्डावर बदलला. माझा आमवात त्या नोकरीतच निघाला. २०२१ साली छातीत इन्फेक्शन होऊन चार दिवस ॲडमिट होते, कॅशलेस, डिस्चार्जच्या दिवशी सही केली आणि रिक्षाने घरी आले. नळाला पाणी येतं तसं ते होतं, येत असतं म्हणून कोणी त्याचा विचार करत नाही. आम्ही हजारो माणसं होतो त्या पॉलिसीत, पंचविशीतली धडधाकट पोरं होती, बाळंतपणं होती, माझ्यासारखी आखडलेली बोटं होती, बायपास झालेले एक साहेब होते, सगळ्यांचा मिळून एक हप्ता ठरायचा आणि कंपनी तो भरायची.

मार्चमध्ये नोकरी सोडली. आईचं वय झालंय, माझेही हात दिवसाला दहा तास कीबोर्ड सहन करेनात, घरून चार छोट्या दुकानदारांचे जीएसटी आणि हिशेब बघायचे असं ठरवलं. शेवटच्या दिवशी लॅपटॉप दिला, चार्जर दिला, गळ्यातलं आयडी कार्ड दिलं. एचआरमधल्या मुलीने एक कागद पुढे केला, त्यात बारीक अक्षरात होतं की ग्रुप मेडिक्लेम आजच्या तारखेला संपतो. सहीसाठी पेन फिरवताना मला अंगठा दुखल्याचं आठवतंय, बाकी काही नाही. तेव्हाच त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत जाण्यासाठी अर्ज करता येतो, वेळेत केला तर आधीची वर्षं धरली जाऊ शकतात, हे मला मागाहून कळलं. घेतलंच असतं त्यांनी असं नाही, तरी अर्ज तरी केला असता. नोकरी सोडणाऱ्या प्रत्येकाला मी आता हे सांगते, अगदी अनोळखी माणसाला ट्रेनमध्येसुद्धा सांगितलंय. राजीनामा देण्याआधी हे विचारा.

त्या रात्री बारा वाजल्यापासून मी तीच होते, तेच गुडघे, तीच बोटं, तीच रविवारची गोळी. फक्त आता एकटी होते.

एकटीला मग सगळं विचारलं गेलं. रक्ताच्या आधी एक फोन आला होता, कंपनीच्या डॉक्टरांचा, कॉल रेकॉर्ड होतोय असं आधी सांगून. आवाज खूप छान होता, शांत. चालताना धाप लागते का, तंबाखू, दारू, आईवडिलांना शुगर, वडील कशाने गेले, किती वय होतं. मग सकाळी सांधे आखडतात का? हो. किती वेळ? आणि मी गॅलरीत उभी होते, समोर येऊरचे डोंगर ढगात बुडालेले, मी खरंच मनात मोजलं आणि म्हणाले पाऊण तास. त्या एका क्षणाला मी नंतर शंभर वेळा परत गेले आहे. वीस मिनिटं म्हटलं असतं तर? पाऊस आहे म्हणून जास्त, एरवी कमी, असं सांगितलं असतं तर? डॉक्टर शेवटी म्हणाल्या, "काळजी घ्या हं." त्यांनी मनापासून म्हटलं असणार. त्यांनी बहुतेक एका चौकोनात पंचेचाळीस लिहिलं आणि पुढच्या माणसाला फोन लावला.

मला विमा कंपनीची बाजू कळत नाही असं नाही. आयुष्य हिशेबात गेलंय माझं. पण मला ती कळते ती ऑफिसमुळे नाही, भिशीमुळे कळते.

नौपाड्यात आम्ही चाळीत राहायचो, आता तिथे टॉवर आहे. आईची बारा जणींची भिशी होती, महिन्याला शंभर रुपये, पैसे बोर्नव्हिटाच्या डब्यात आणि चिठ्ठ्या एका वाटीत. चिठ्ठी काढायचा मान माझा, कारण मी सगळ्यांत लहान. डोळे मिटून वाटीत हात घालायचा, आणि मला अजून आठवतं, त्या वाटीला कायम हळदीचा वास यायचा. एक वर्षी आमच्या मजल्यावर एक नवीन काकू राहायला आल्या, नवऱ्याची गिरणी बंद पडलेली आणि धाकट्या मुलाचं हर्नियाचं ऑपरेशन करायचं होतं, सगळ्या चाळीला माहीत. त्यांनी विचारलं मला घ्याल का भिशीत. नळावर कुजबुज सुरू झाली. पहिल्याच महिन्यात पैसे उचलेल आणि खोली सोडून जाईल, मग आपण काय करायचं, आपल्या पोरींची लग्नं आहेत. बोलणाऱ्या बायका वाईट नव्हत्या. त्यांचेही शंभर रुपये घामाचे होते. गरज पडल्यावरच जो येतो त्याला घेतलं तर डबा रिकामा होतो, हे त्यांना विम्यातला धोका मोजणाऱ्या कुठल्याही ॲक्च्युअरीइतकंच कळत होतं.

आईने काय केलं, तर त्या काकूंना घेतलं आणि सांगितलं, पहिले तीन महिने तुमची चिठ्ठी वाटीत टाकणार नाही, चौथ्या महिन्यापासून टाकू. काकू हो म्हणाल्या. तीन महिने त्यांनी शंभर-शंभर आणून दिले, कधी दहा-दहाच्या नोटा, एकदा तर निम्मी चिल्लर होती. चौथ्या महिन्यात पैसे त्यांना मिळाले. माझ्या हाताने चिठ्ठी निघाली असं सगळ्यांना वाटलं, पण त्या महिन्यात वाटीतल्या सगळ्या चिठ्ठ्यांवर एकच नाव होतं हे आईने मला मी कॉलेजात गेल्यावर सांगितलं. बाकीच्या सगळ्या जणींना विचारून केलं होतं, आणि त्या नळावर कुजबुजणाऱ्यासुद्धा हो म्हणाल्या होत्या. काकूंनी पुढचे सगळे हप्ते भरले.

विम्यात याला वेटिंग पिरियड म्हणतात. आधीपासून असलेल्या आजारासाठी कंपनी थांबायला लावू शकते, आधी ही मुदत जास्तीत जास्त ४८ महिने होती, २०२४ पासून ३६ झाली. लोक याच्यावर चिडतात, हप्ता भरतोय आणि आजार कव्हर नाही म्हणजे काय. मी कधीच चिडले नाही. मला ते न्याय्य वाटतं, माझ्या आईने तेच केलं होतं. मी फॉर्म भरला तेव्हा मनाची तयारी तीच होती की तीन वर्षं आमवाताचं काही मागायचं नाही, हप्ता जास्त लावतील, लोडिंग म्हणतात ते, तेही द्यायचं. मला तीन वर्षं बोटांसाठी काही नको होतं. मला डेंग्यूसाठी हवं होतं, अपेंडिक्ससाठी हवं होतं, घोडबंदर रोडला खड्ड्यात रिक्षा उलटली तर हवं होतं. मी थांबायला तयार होते. त्यांनी थांबणाऱ्यांच्या रांगेतही उभं केलं नाही.

मग मी नियम वाचत बसले, रात्री, आई झोपल्यावर. हैदराबादला विमा नियामकाचं ऑफिस आहे, तिथून निघालेली परिपत्रकं. त्यातून जे कळलं ते असं, की प्रत्येक कंपनीचं स्वतःचं अंडररायटिंगचं, म्हणजे कोणाला घ्यायचं आणि कोणाला नाही हे ठरवण्याचं, धोरण असतं, संचालक मंडळाने मंजूर केलेलं, आणि त्यात बसलं नाही तर कंपनी प्रस्ताव नाकारू शकते, फक्त लेखी आणि कारण देऊन. माझ्या चार ओळींत "वैद्यकीय इतिहास" हे दोन शब्द होते, ते कारण. २०१९ साली नियामकाने सोळा आजारांची एक यादी काढली होती, अपस्मार, किडनीचा जुना आजार, पार्किन्सन्स वगैरे, की या माणसांना सरळ नाही म्हणण्यापेक्षा त्यांच्या संमतीने तेवढा आजार कायमचा वगळा आणि बाकीच्यासाठी पॉलिसी द्या. चांगला विचार आहे, मी वरून खाली तीन वेळा वाचली. माझा आजार त्यात नाही. म्हणजे कायमचा वगळण्याइतका तो मोठा नाही आणि सोबत घेण्याइतका लहानही नाही. २०२० साली प्रत्येक कंपनीला आरोग्य संजीवनी नावाची साधी पॉलिसी ठेवायला लावलं होतं, मला वाटलं ही तरी मिळेल. ती कंपनीने ठेवायची, मला द्यायचीच असं नसतं, तिथेही तोच फॉर्म आणि तेच प्रश्न.

हे सगळं वाचताना मला माझा मामेभाऊ आठवला, ह्यूस्टनचा. २००८ साली त्याने चांगली नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केलं होतं. दिवाळीत फोन आला तेव्हा म्हणाला, मला कोणी इन्शुरन्स देत नाहीये, तीन कंपन्या नाही म्हणाल्या. त्याला डायबेटिस आहे. मामीला ते पटेना, अमेरिकेत असं कसं होईल, तू नीट चौकशी कर. मीसुद्धा फोनवर म्हणाले होते, दादा काहीतरी मार्ग निघेल रे, आणि करंज्यांचा विषय काढला. आज मला त्या करंज्यांची लाज वाटते. दीड वर्षाने तो परत नोकरीला लागला, पगार कमी, काम नावडतं, म्हणाला मला नोकरी नको होती गं, मला कार्ड हवं होतं. तेव्हा तिकडे लाखो माणसांचं हेच चाललं होतं. २०१० मध्ये त्यांच्या संसदेच्या समितीने हिशेब मांडला, नफ्यासाठी चालणाऱ्या चार सगळ्यांत मोठ्या कंपन्यांनी २००७ ते २००९ या तीन वर्षांत ६ लाख ५१ हजारांवर माणसांना जुन्या आजारांवरून नाकारलं होतं, म्हणजे स्वतःची पॉलिसी मागणाऱ्या दर सात जणांतला एक. गरोदर बायकांना नाही म्हणायचे, आणि बायको गरोदर आहे म्हणून होणाऱ्या बापालाही. त्याच वर्षी मार्चमध्ये कायदा झाला आणि १ जानेवारी २०१४ पासून जुना आजार आहे म्हणून नाकारायला तिथे बंदी आली. नळावरच्या बायकांचा प्रश्न त्यांच्यापुढेही होता, आजारी पडल्यावरच माणूस येईल त्याचं काय, म्हणून सगळ्यांनीच विमा घ्यायचा असंही कायद्यात घातलं होतं, पुढे त्याचा दंड शून्य केला. हप्ते वाढले, भांडणं झाली, अजून चालू आहेत. पण दादाने त्या वर्षी पुन्हा स्वतःचं काम सुरू केलं. मी त्याला परवा फोन करून सांगितलं की दादा, मला तेव्हा कळलं नव्हतं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, बोटं कशी आहेत.

सप्टेंबरमध्ये बातमी आली की २२ तारखेपासून वैयक्तिक मेडिक्लेमवरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला. सोसायटीच्या ग्रुपवर अभिनंदनाचे मेसेज, आमच्याच मजल्यावरच्या काकांनी मला मुद्दाम थांबवून सांगितलं, घेऊन टाक आता, स्वस्त झालंय. निर्णय चांगलाच आहे, माझे दुकानदार खूश आहेत, त्यांचे पाच-सहा हजार वाचले. मी काकांना हो म्हटलं आणि लिफ्टमध्ये शिरले. नाकारलं गेल्याचं मी बिल्डिंगमध्ये कोणालाच सांगितलेलं नाही. चारचौघांत सांगतेय ते हे पहिल्यांदाच. काय असतं ना, कर्ज नाकारलं तर माणूस बँकेला शिव्या देतो, इथे मात्र आपल्याच शरीराबद्दल कोणीतरी निकाल दिल्यासारखं वाटतं, आणि तो निकाल इतरांना कळू नये असं वाटत राहतं. मग मला त्या सकाळची ओढणी आठवते.

आईचं मात्र कार्ड झालं. सत्तरीच्या वरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मानमध्ये वर्षाला ५ लाखांपर्यंत मोफत उपचार, ही सोय ऑक्टोबर २०२४ पासून आहे, आम्हीच आळस केला होता. सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये शिबिर लागलं, आई स्वच्छ नऊवारी नेसून गेली, एका मुलीने आधार बघितलं, मोबाईलवर तिचा चेहरा टिपला, दहा मिनिटांत काम झालं. आई ७४ ची. बीपी आहे, एक गुडघा नवा आहे, दुसरा जुना आहे, मोतीबिंदू झालेत. तिला एकाही आजाराबद्दल विचारलं नाही, तीन वर्षं थांबाही म्हटलं नाही. मला इतकं बरं वाटलं त्या दिवशी, खरंच, पाठीवरचं ओझं निम्मं उतरलं. राज्याची महात्मा फुले जन आरोग्य योजनाही आता कुठल्याही रंगाच्या रेशनकार्डाला आहे, पांढऱ्यासुद्धा, तर अगदीच उघड्यावर आहे असं मी म्हणणार नाही, ठरावीक हॉस्पिटलं आणि ठरावीक उपचार, पण आहे. रात्री जेवताना आईने ते कार्ड चष्मा लावून नीट वाचलं आणि म्हणाली, "यात तुझं नाव घालता येत नाही का गं?"

"नाही आई. सत्तरीचं व्हावं लागतं."

ती बोटांवर मोजायला लागली. "म्हणजे अजून चोवीस वर्षं," म्हणाली, आणि माझ्या पानात आणखी एक चमचा तूप वाढलं.

दिवाळीनंतर दुसऱ्या कंपनीत अर्ज करायचा ठरवला. फॉर्म मोबाईलवरच भरायचा होता. नाव, वजन, उंची, आजार, आणि मग एक प्रश्न, यापूर्वी कोणत्याही विमा कंपनीने तुमचा प्रस्ताव नाकारला, पुढे ढकलला किंवा जास्त हप्ता लावून स्वीकारला आहे का. खाली दोन गोल, हो आणि नाही. मला हा प्रश्न असतो हे माहीतच नव्हतं. म्हणजे एक "नाही" पुढच्या सगळ्या कंपन्यांच्या दारात माझ्या आधी पोचलेली असते. तेवढ्यात मदतीला म्हणून फोनवर असलेली मुलगी म्हणाली, मॅम तिथे नो करा, म्हणजे सिस्टीम पुढे जाईल. गोड मुलगी होती, तिला तिचं महिन्याचं टार्गेट असणार, मी रागावले नाही. "नंतर करते" म्हणून फोन ठेवला.

बाबांच्या वेळेपासून आमच्याकडे येणारे विम्याचे एक काका आहेत, आता ऐंशीला आलेत, राममारुती रोडवर राहतात, त्यांच्याकडे गेले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "बाळ, खोटं लिहू नकोस. पॉलिसी मिळेल, हप्ते घेतील, आणि ज्या दिवशी तू स्ट्रेचरवर असशील त्या दिवशी हा फॉर्म बाहेर काढतील." सलग पाच वर्षं पॉलिसी चालू राहिली की मग काही सांगितलं नव्हतं म्हणून क्लेम अडवता येत नाही, आधी हे आठ वर्षं होतं, पण मुद्दाम फसवणूक केली असेल तर त्याला ही सवलत नाही, आणि समोर प्रश्न असताना नाही टिक करणं याला दुसरं काय म्हणणार, असं त्यांनी नीट समजावलं. आमच्या बी विंगमध्ये हे झालेलं आहे. बीपीच्या गोळ्या सांगितल्या नव्हत्या, आणि ॲडमिट असताना नवऱ्याच्या जुन्या चिठ्ठ्या मागवल्या म्हणून वहिनी रडत गेटवर उभ्या होत्या, ते मी पाहिलंय. काका बोलत होते आणि काकूंनी चहा आणला, बशीत पारले, आणि मला उगाच भरून आलं.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. आई म्हणाली, "आपल्यात म्हणतात ना, झाकली मूठ सव्वा लाखाची." मग जरा थांबून म्हणाली, "पण हे लोक उघडायलाच लावतात." मी म्हटलं हो, आणि उघडली की सव्वा लाख जातात. ती भिशीवाली काकूसुद्धा मूठ उघडूनच आली होती गं, आई म्हणाली, सगळ्या चाळीला माहीत होतं तिचं. त्या काकूंचं नाव आईने कितीतरी वर्षांनी काढलं. माझ्या डोळ्यांपुढे दहाच्या नोटा मोजून घेणारी आई आली, दारात उभ्या त्या काकू, आणि आई त्यांना म्हणतेय आधी आत या, चहा घ्या.

मी "हो" वर टिक केलं. खाली कारण लिहायला जागा होती, अडीचशे अक्षरांची. तारीख लिहिली, कंपनी लिहिली, आमवात लिहिलं, सकाळी पाऊण तास बोटं आखडतात हेही लिहिलं, आणि उरलेल्या जागेत लिहिलं की तीन वर्षं थांबायला तयार आहे. ते कोणी वाचणार आहे का मला माहीत नाही.

गेल्या गुरुवारी सकाळी सातला बेल वाजली. दारात तोच मुलगा. लॅब एकच असते बहुतेक, कंपनी कुठलीही असो. या वेळी रेनकोट नव्हता, कानटोपी होती. बॅग उघडता उघडता माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, पावसात पण मीच आलो होतो ना? दोनदा टोचलं होतं." म्हटलं हो, तूच. आईने त्याला न विचारता चहा ठेवला. त्याने स्टिकर लावले, फोटो काढला, रबर बांधला आणि म्हणाला, "मूठ बंद करा."

मी हात टेबलावर तसाच ठेवला, उजेडात. "अरे, माझी बोटं आखडतात सकाळी. मूठ पूर्ण बंद होत नाही."

त्याने बोटांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आधी सांगायचं ना मॅडम," म्हणाला, आणि रबर सोडवून पुन्हा मनगटाच्या जरा वर बांधला, माझा तळवा उपडा केला आणि दोन बोटांनी हाताच्या मागच्या बाजूला शीर शोधायला लागला. "होते तेवढी करा. इथून घेतो."

एकाच टोचण्यात मिळाली.